ज्वारीचे भाऊबंद

सोलापूरहून तुळजापूरला जाताना वाटेत तामलवाडी हे गाव लागते. ते धाराशिव जिल्ह्यात आहे. या जिल्ह्याचे पूर्वीचे नाव उस्मानाबाद. हिवाळ्यात या भागातून गेलात, तर काळ्या जमिनीत ज्वारी आणि हरभरा उभा असलेला दिसेल. ज्वारीचे शेत रस्त्यावरून पाहिले, तर सारे पीक एकसारखे वाटते. पण बांधावर उभे राहून नीट पाहा. एखादे ताट इतरांपेक्षा हातभर उंच गेलेले दिसेल. एखाद्याचे पान अरुंद असेल. एखाद्याचे कणीस घट्ट भरलेले नसून झाडणीसारखे मोकळे, जांभळट असेल. नव्या माणसाला वाटेल, असेल एखादे ताट वेगळे! शेतकरी मात्र ते पाहिल्याबरोबर खुरपे काढतो. ते ज्वारीचे ताट नसते. ते ज्वारीच्या भाऊबंदांपैकी कोणी तरी असते.

भाऊबंद हा शब्द तुम्ही ऐकला असेल. एका कुळातली माणसे म्हणजे भाऊबंद. त्यांच्या जमिनीच्या भांडणाला मराठीत भाऊबंदकी म्हणतात. पिकांच्या जगातही असे भाऊबंद आहेत. एकाच कुळातली एक वनस्पती माणसाने शेतात आणली, पोसली, सुधारली. तिच्या बहिणी रानातच राहिल्या. त्यांतल्या काही मात्र पिकाच्या मागोमाग शेतात शिरल्या. पिकाचे पाणी आणि खत त्याही खातात. अशा तणांचा बंदोबस्त कसा करायचा, हे या पाठात पाहू.

पाठ पुढे नेण्यापूर्वी शेतीतल्या काही शब्दांकडे पाहा. ते तुम्हांला ओळखीचे वाटतील. खरीप आणि रब्बी हे आपले दोन हंगाम. हे दोन्ही शब्द अरबीतून आले आहेत. अरबीत खरीफ म्हणजे शरद ऋतू आणि रबी म्हणजे वसंत. ज्या ऋतूत पीक हाती येते, त्या ऋतूचे नाव हंगामाला मिळाले. ‘हंगाम’ हा शब्द फारसी आहे. पावसावरच्या जमिनीला मराठीत जिरायत म्हणतात, आणि पाणी असलेल्या जमिनीला बागायत. जमीन नांगरणे, कुळवणे या कामांना मशागत म्हणतात. उर्दूतल्या ‘मशक्कत’ या शब्दाचेच ते मराठी रूप आहे. उन्हाळ्यात नांगर धरणाऱ्याला विचारा. तो सांगेल की शब्द अगदी योग्य आहे!

आता तणाकडे वळू. शेतात न पेरता उगवलेली आणि पिकाला नको असलेली वनस्पती म्हणजे तण. बहुतेक तणे ओळखायला सोपी असतात. गाजरगवत पांढऱ्या फुलांवरून कळते. हरळी जमिनीवर पसरते. लव्हाळ्याची काडी हातात धरली, की तिची तिधारी कड बोटांना लागते. लहान मूलसुद्धा ही तणे आणि ज्वारी यांतला फरक सांगेल. पण तण जेव्हा पिकाच्याच कुळातले असते, तेव्हा जाणत्या माणसाचीही परीक्षा होते. रोप लहान असताना दोघांचे पान सारखे, रंग सारखा, वाढण्याची रीतही सारखी. खुरपणाऱ्या बाईचा हात तेथे थबकतो. चुकून ज्वारीच उपटली तर? म्हणून ती ते रोप सोडून पुढे जाते. तणाला नेमके हेच हवे असते.

ज्वारीचे असे दोन भाऊबंद आपल्याला पाहायचे आहेत. एक रानज्वारी आणि दुसरा बरू.

रानज्वारी समजण्यासाठी ज्वारीचा इतिहास थोडा पाहावा लागेल. ज्वारीचे मूळ घर आफ्रिकेत आहे. सुदानच्या पूर्व भागात सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीची मातीची भांडी सापडली आहेत. त्या मातीत ज्वारीच्या दाण्यांचे ठसे उमटलेले आहेत. शास्त्रज्ञांनी ते तपासले, तेव्हा त्यांत रानटी ज्वारी आणि माणसाने लावलेली ज्वारी अशा दोन्हींचे ठसे मिळाले. हा फरक त्यांना कसा कळला? रानटी ज्वारीचा दाणा पिकला, की कणसापासून आपोआप सुटून खाली पडतो. तो सुटतो ती जागा गुळगुळीत असते. लावलेल्या ज्वारीचा दाणा सुटत नाही. तो झोडपून काढावा लागतो, म्हणून ती जागा फाटल्यासारखी दिसते.

रानटी गवताला आपले बी जमिनीवर पडायला हवे असते. माणसाला मात्र दाणा कणसातच हवा असतो. माणसाने पिढ्यानपिढ्या न गळणारी कणसे निवडली आणि त्यांचेच बी पेरले. त्यातून आपली ज्वारी तयार झाली. ती माणसाची वाट पाहत उभी राहते. कापणी झाली, खळ्यावर मळणी झाली, तरच तिचे दाणे सुटतात. रानज्वारी वाट पाहत नाही. शेतकरी कापणीला येण्यापूर्वीच तिचे दाणे मातीत पडलेले असतात. पुढच्या वर्षी ते ज्वारीबरोबरच उगवतात.

ही रानज्वारी येते कोठून? कधी रानटी आणि लावलेल्या ज्वारीचा आपोआप संकर होतो. कधी निरनिराळ्या जातींच्या संकरातून पुन्हा दाणे गाळणारी रोपे तयार होतात. ज्वारीचे परागकण वाऱ्यावर उडतात. बहुतेक दाणे स्वतःच्याच परागाने भरतात. पण थोडे दाणे दुसऱ्या ताटाच्या परागानेही भरतात. शेजारी रानज्वारी फुलोऱ्यात असेल, तर तिचा पराग आपल्या कणसांवर येतो. त्या कणसातले बी आपण घरात ठेवले आणि पुढच्या वर्षी पेरले, तर तण आपणच तिफणीने पेरले असे होते.

बरूची गोष्ट वेगळी आहे. रानज्वारी एका वर्षात संपते, फक्त बियांतून परतते. बरू वर्षानुवर्षे जगतो. त्याची खरी ताकद जमिनीखाली आहे. तेथे त्याची जाड, पांढरट, पेरे असलेली खोडे आडवी पसरतात. शेतकरी अशा जमिनीखालच्या खोडांना काशा म्हणतात. हरळीच्या आणि कुंद्याच्या काशा तुम्ही पाहिल्या असतील. काशीच्या प्रत्येक पेरावर डोळा असतो. तिचा बोटभर तुकडा जमिनीत राहिला, तरी त्यातून नवे रोप उगवते. वरचे गवत कापले, जनावरांनी खाल्ले, उन्हाने वाळले, तरी खाली काशी जिवंत असते. त्याशिवाय वर कणसांना हजारो बारीक बिया येतात, त्या वेगळ्याच. अशा शत्रूला एका खुरपणीने हटवता येणार नाही, हे उघड आहे.

बरूला ओल आवडते. पाटाच्या कडेला, नाल्याच्या काठाला, विहिरीजवळ, बांधाच्या सावलीत तो आधी ठाण मांडतो. तेथून हळूहळू शेतात सरकतो. गावोगावी बरू हे नाव आणखी एकदोन उंच गवतांनाही देतात, म्हणून नुसत्या नावावर विसंबू नका. रोप उपटून पाहा. लहान ज्वारी अलगद उपटली, तर मुळाशी पेरलेल्या टपोऱ्या दाण्याचे टरफल दिसते. बरूच्या मुळाशी एक तर अगदी बारीक, काळपट बी असते किंवा जाड पांढरी काशी असते. एवढी एक खूण लक्षात ठेवली, तरी पुष्कळ काम होते. मोठ्या झाडाचे खोड ज्वारीपेक्षा बारीक, पान अरुंद आणि मधली शीर पांढरी ठळक असते. एका ठिकाणी अनेक फुटवे दाटीने येतात.

शास्त्रज्ञांनी बरूला ‘सोर्घम हॅलेपेन्स’ असे नाव दिले आहे. यातील पहिला शब्द ज्वारीच्या कुळाचा आहे. दुसऱ्या शब्दाचा अर्थ ‘हलबचे’. हलब म्हणजे सीरिया देशातले प्राचीन शहर. इंग्रजीत त्याला अलेप्पो म्हणतात. पंजाबातही या गवताला बरूच म्हणतात. अमेरिकेत मात्र त्याला जॉन्सन गवत हे नाव पडले. सुमारे १८४० साली अलाबामा राज्यातील जॉन्सन नावाच्या एका जमीनदाराने हे गवत जनावरांच्या चाऱ्यासाठी मुद्दाम लावले. चारा भरपूर मिळाला, लोक खूश झाले. पुढे ते गवत कापसाच्या आणि मक्याच्या शेतांत पसरले, आणि कोणत्याही उपायाने हटेना. शेवटी १९०० साली अमेरिकेच्या सरकारला या एका गवताचा बंदोबस्त शोधण्यासाठी खास पैसा मंजूर करावा लागला. आज जगातल्या सर्वांत त्रासदायक दहा तणांत बरूची गणना होते. ज्या माणसाने ते हौसेने लावले, त्याचेच नाव त्याला कायमचे चिकटले.

या भाऊबंदांमुळे नुकसान काय होते? तामलवाडीसारख्या जिरायत गावाचा विचार करा. येथे रब्बी ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरतात. त्यानंतर पाऊस जवळजवळ नसतोच. काळ्या जमिनीने पावसाळ्यात जी ओल पोटात साठवली, तिच्यावरच ज्वारीला फेब्रुवारी-मार्चपर्यंत जगायचे असते. म्हणजे घरात पाहुणा यावा आणि रांजणात पाणी मोजकेच असावे, अशी स्थिती. त्यातला वाटा तणाने नेला, की दाणा बारीक राहतो आणि कडबाही कमी होतो. कडबा म्हणजे ज्वारीची वाळलेली ताटे. आपल्याला भाकरी आणि बैलांना कडबा, असे दुहेरी उत्पन्न ज्वारी देते. म्हणून तिचे नुकसानही दुहेरी असते. शिवाय ज्वारीवर येणारे काही किडे बरूवरही जगतात. शेतात ज्वारी नसते, तेव्हा ते बांधावरच्या बरूवर मुक्काम करतात आणि पीक आले की परत येतात.

दुसरे नुकसान जनावरांचे आहे, आणि ते फार भयंकर असते. ज्वारीच्या आणि बरूच्या कोवळ्या पानांत एक पदार्थ असतो. जनावराने ती पाने खाल्ली, की पोटात त्या पदार्थापासून सायनाइड हे जहाल विष तयार होते. पाऊस ताणला, पाने कोमेजली किंवा कापलेल्या गवताला नवे फुटवे आले, की हे प्रमाण वाढते. गाय धापा टाकू लागते, थरथरते, खाली पडते. उपचार लवकर झाला नाही, तर थोड्याच वेळात ती मरते. त्यामुळे बांधावर हिरवे गवत दिसले, म्हणून लगेच जनावर सोडू नये. विशेषतः कापणीनंतर जमिनीतल्या धसकटांना आलेले हिरवे कोंब आणि बरूचे कोवळे फुटवे यांपासून जनावर दूर ठेवावे. एखादे जनावर असे पडले, तर घरगुती उपाय करत बसू नये. तेव्हाच्या तेव्हा पशुवैद्यकाला बोलवावे. नीट वाळलेल्या कडब्यात हा धोका फारच कमी असतो.

तिसरे नुकसान बियाण्याचे. समजा, तुमच्या अब्बांनी संकरित ज्वारीच्या बियाण्याचा प्लॉट घेतला आहे. संकरित म्हणजे दोन निवडक जातींच्या मिलनातून तयार केलेले बी. आपल्या देशातली पहिली संकरित ज्वारी, ‘सीएसएच-१’, १९६४ साली आली. असे बी तयार करताना शेतात काही ओळी मादीच्या आणि काही ओळी नराच्या लावतात. मादी ओळींतल्या ताटांना स्वतःचा उपयोगी पराग नसतो. वाऱ्यावर येईल त्या परागाने त्यांचा दाणा भरतो. तो पराग नर ओळींतूनच यावा, अशी अपेक्षा असते. पण वाऱ्याला कोण सांगणार? म्हणून बियाणे प्रमाणीकरणाच्या नियमांत अंतर ठरवून दिले आहे. संकरित ज्वारीच्या प्रमाणित बियाण्याचा प्लॉट दुसऱ्या ज्वारीपासून २०० मीटर दूर हवा. बरूपासून मात्र तो ४०० मीटर दूर हवा. परक्या ज्वारीपेक्षा बरूची भीती दुप्पट आहे, हे या आकड्यांवरून कळते. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याला या अंतरात बरू फुलोऱ्यात दिसला, तर प्लॉट नापास होऊ शकतो. मग तेच पीक बियाण्याच्या भावाने न जाता साध्या धान्याच्या भावाने जाते. वर्षभराच्या मेहनतीची किंमत शेजारच्या नाल्यातल्या गवतामुळे उतरते. आणि तो नाला कदाचित आपल्या मालकीचाही नसतो!

येथे तुम्ही विचाराल, “मग तणनाशक का फवारत नाहीत?” प्रश्न बरोबर आहे. तणनाशक म्हणजे तण मारणारे औषध. काही तणनाशके रुंद पानांची झाडे मारतात आणि गवतांना सोडतात. काही गवते मारतात आणि रुंद पानांच्या झाडांना सोडतात. ज्वारी हे स्वतःच एक गवत आहे. ज्वारीला न मारणारे औषध तिच्या भावालाही बहुधा मारत नाही. आणि भावाला मारणारे औषध ज्वारीलाही सोडत नाही. दोघांच्या अंगातली रचनाच सारखी असते. औषधाला चेहरा पाहता येत नाही.

मग जेथे औषधाला दोघांतला फरक कळेल, अशा ठिकाणी तणाला गाठावे लागते. ते ठिकाण म्हणजे दुसरे पीक. यालाच पिकांची फेरपालट म्हणतात. ज्या शेतात रानज्वारी किंवा बरू माजला आहे, तेथे पुढची एकदोन वर्षे ज्वारी न घेता तूर, हरभरा किंवा सोयाबीन घ्यावे. ही सारी रुंद पानांची पिके आहेत. त्यांत ज्वारीसारखे रोप उगवले, की ते लांबूनही परके दिसते. खुरपणाऱ्या बाईला शंका राहत नाही. ज्वारीत जो लपून बसला होता, तो हरभऱ्यात उघडा पडतो. गवत मारणारे औषधही या पिकांत वापरता येते. मात्र कोणते आणि किती, हे कृषी विज्ञान केंद्रात विचारूनच. धाराशिव जिल्ह्याचे असे केंद्र तुळजापूरलाच आहे.

अलीकडे या जिल्ह्यात खरिपाला सोयाबीन फार वाढले आहे. त्याची तक्रार करणारे लोक पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्यही आहे. पण ज्वारीच्या भाऊबंदांपुरते बोलायचे, तर या अदलाबदलीचा शेतकऱ्याला फायदाच होतो.

नांगरटीच्या बाबतीत थोडे सावध राहावे लागते. उन्हाळ्यात खोल नांगरट केली, की बरूच्या काशा वर येतात. एप्रिल-मेच्या उन्हात त्या वाळून मरतात. उरलेल्या वेचून बांधाबाहेर काढाव्यात आणि जाळाव्यात. हे काम कंटाळवाणे आहे. कुळवाच्या मागे टोपली घेऊन चालायचे, वाकायचे, वेचायचे. पण याला दुसरा स्वस्त उपाय नाही. मात्र हेच काम जमीन ओली असताना रोटाव्हेटरने केले, तर उलटा परिणाम होतो. यंत्राची पाती एका काशीचे दहा तुकडे करतात आणि सगळ्या शेतात पसरवतात. ओल्या मातीत त्यांतले बरेच तुकडे रुजतात. एका कोपऱ्यातला बरू पुढच्या वर्षी साऱ्या रानात दिसू लागतो. यंत्र चांगले की वाईट, असा हा प्रश्न नाही. ते कोणत्या वेळी चालवले, हा प्रश्न आहे. दुसऱ्याच्या रानात चालून आलेले यंत्र आपल्या शेतात घालण्यापूर्वी त्याला चिकटलेली माती काढून टाकावी, हेही लक्षात ठेवा.

बरू बियांतून नुकताच उगवला असेल, तर मात्र काम सोपे असते. उगवल्यानंतर साधारण महिनाभरात तो काशी धरू लागतो. त्याच्या आत तो उपटला, तर साध्या गवतासारखा मुळासकट येतो. म्हणूनच ज्वारीची पहिली कोळपणी आणि पहिली खुरपणी वेळेवर व्हावी लागते. ज्वारी तिफणीने ओळीत पेरलेली असते. दोन ओळींच्या मधे जे उगवले ते आपले नाही, हे कोळप्याला न विचारताही कळते. अडचण ओळीतल्या रोपांची असते. तेथे डोळा आणि हात हेच अवजार.

त्यातूनही जे सुटतात, ते पीक निसवताना, म्हणजे कणीस बाहेर पडताना ओळखू येतात. उंची वेगळी, कणीस वेगळे. अशी ताटे फुलोऱ्यापूर्वी उपटायची, याला भेसळ काढणे म्हणतात. पराग उडाल्यानंतर भेसळ काढली, तर चोर पळून गेल्यावर दार लावल्यासारखे होते. आणि उपटलेले ताट शेतातच टाकायचे नाही. त्यावर दाणे भरलेले असतील, तर ते तेथेच गळतात.

बियाण्याच्या बाबतीत या भागातला शेतकरी जुना जाणकार आहे. येथे आवडीने पेरली जाणारी ज्वारी म्हणजे मालदांडी. सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या संशोधन केंद्रावर स्थानिक मालदांडीतून उत्तम ताटे निवडून ‘मालदांडी ३५-१’ हे वाण तयार करण्यात आले. ते इतके टिकले, की अनेक नवी वाणे आली तरी भाकरीसाठी आणि कडब्यासाठी लोक अजून त्याचे नाव घेतात. अशा ज्वारीचे बी घरचे ठेवायचे असेल, तर ते खळ्यावरच्या राशीतून घेऊ नये. कापणीपूर्वी उभ्या शेतात फिरावे, शेताच्या मधल्या भागातली घट्ट, एकसारखी कणसे निवडावीत आणि त्यांची वेगळी मळणी करावी. बांधाकडच्या ओळी बियाण्यासाठी टाळाव्यात, कारण बाहेरचा पराग आधी तेथे पोहोचतो. शेणखतही पूर्ण कुजलेले वापरावे. जनावराच्या पोटातून बरूच्या काही बिया जिवंत बाहेर पडतात. ओल्या शेणाबरोबर त्या थेट शेतात जातात.

हा प्रश्न एकट्या ज्वारीचा नाही. भाताच्या शेतातही असेच रानटी भात उगवते. छत्तीसगडमध्ये त्याला करगा म्हणतात. भाताचे बी शेतात फेकून पेरले, की करगा आणि भात एकत्र उगवतात आणि लोंबी येईपर्यंत ओळखू येत नाहीत. त्यावर रायपूरच्या कृषी विद्यापीठाने एक मजेदार युक्ती केली. त्यांनी ‘श्यामला’ नावाचे भाताचे वाण काढले. त्याची पाने हिरवी नसून जांभळी असतात! शेतात जांभळे ते पीक आणि हिरवे ते तण. शाळेतले मूलसुद्धा निंदणी करू शकेल. पण युक्ती कायमची नसते. जांभळे भात वर्षानुवर्षे एकाच शेतात लावत राहिले, तर त्याचा रानटी भाताशी संकर होतो आणि तणही जांभळे होऊ लागते. म्हणून काही वर्षांनी वाण बदलावे लागते. ज्या भागात भात रोपे तयार करून लावतात, तेथे हा त्रास कमी असतो. विदर्भात या कामाला रोवणी म्हणतात आणि कोकणात लावणी. रांगेत लावलेल्या रोपांबाहेर जे उगवते, ते आपोआप परके ठरते.

तणही माणसाकडून शिकते, असे म्हटले तर तुम्ही हसाल. पण तसे घडले आहे. सावा हे भातशेतीतले एक गवत. तो भाताचा जवळचा भाऊबंद नव्हे. तरी चीनमध्ये यांगत्से नदीच्या खोऱ्यातला सावा हुबेहूब भातासारखा दिसतो. २०१९ साली शास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. शेतकरी शेकडो वर्षे हाताने निंदणी करत होते. जो सावा वेगळा दिसे, तो उपटला जाई. जो भातासारखा सरळ उभा दिसे, तो वाचे आणि त्याचेच बी पडे. सुमारे हजार वर्षांपूर्वीपासून असे चालले, आणि शेतकऱ्याच्याच हातांनी सावा भाताचे सोंग घ्यायला शिकला.

औषधाच्या बाबतीतही असेच होते. २००२ साली अमेरिकेत भाताची अशी वाणे आली, की त्यांच्यावर एक विशिष्ट तणनाशक फवारले तरी भाताला काही होत नसे. रानटी भात मात्र मरे. शेतकरी आनंदले. पण काही वर्षांतच भात आणि रानटी भात यांचा संकर होऊन तणातही तोच गुण उतरला. फवारा मारला तरी तण उभेच! भारतात २०२१ साली अशा गुणाची बासमतीची दोन वाणे आली आहेत. ज्वारीतही परदेशात असे प्रयोग झाले आहेत. ज्या शेताच्या बांधावर बरू आहे, तेथे अशी ज्वारी लावणे धोक्याचे ठरू शकते. ज्वारी आणि बरू यांचा संकर क्वचितच होतो. पण वारा रोज वाहतो आणि कणसे लाखो असतात.

हे सारे वाचून तुम्हांला वाटेल, की या भाऊबंदांचा समूळ नायनाट केला पाहिजे. शेतातून त्यांना काढलेच पाहिजे, यात शंका नाही. पण १९७० च्या दशकात काय घडले ते ऐका. आशियातल्या भातावर एक विषाणूचा रोग आला. रोप खुजे राही, गवतासारखे दाट होई आणि लोंबी भरत नसे. शास्त्रज्ञांनी हजारो जातींचे भात तपासले. एकही जात टिकेना. शेवटी या रोगाला दाद न देणारा एक नमुना मिळाला. तो उत्तर प्रदेशातल्या रानटी भाताचा होता. त्याच्याशी संकर करून नवी वाणे तयार झाली आणि ती देशोदेशी लावली गेली. शेतकरी ज्याला तण म्हणून उपटून फेकतो, त्याच कुळातल्या एका रोपाने भात वाचवला.

म्हणून हैदराबादजवळ पाटणचेरू येथे, इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेत, ज्वारीचे ४० हजारांहून अधिक नमुने जपून ठेवले आहेत. ही संस्था १९७२ साली स्थापन झाली. तेथे दूर सुदानची ज्वारी आहे, आपल्याकडचीही आहे आणि तिचे रानटी भाऊबंदही आहेत. प्रत्येक बी नीट वाळवून, पाकिटात बंद करून, बर्फाहूनही थंड खोलीत ठेवलेले असते. तामलवाडीचा शेतकरी ज्या ताटावर खुरपे चालवतो, त्याच्या नात्यातले बी तेथे कुलपात आहे. ठरावीक वर्षांनी ते बाहेर काढतात, काही दाणे रुजवून पाहतात, आणि ते जिवंत आहेत ना याची खात्री करून पुन्हा आत ठेवतात.

स्वाध्याय

१. खरीप, रब्बी, जिरायत, मशागत या शब्दांची उर्दूतील रूपे लिहा. शेतीविषयीचे असे आणखी चार शब्द शोधा.

२. “औषधाला चेहरा पाहता येत नाही.” या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.

३. ओल्या जमिनीत रोटाव्हेटर चालवल्यास बरू का वाढतो?

४. भेसळ फुलोऱ्यापूर्वीच का काढावी लागते?

५. तुमच्या गावातील शेतात किंवा रस्त्याच्या कडेला ज्वारीसारखे दिसणारे एक गवत शोधा. मोठ्या माणसांना सोबत घेऊन ते मुळासकट उपटा. मुळाशी काशी आहे की बी, ते पाहा आणि त्याचे चित्र वहीत काढा.